बीएमडब्ल्यू ३२५आय (ई-९०, २००८) : सहा वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सप्टेंबर २०१९ मध्ये मी पुण्यातच, दुसऱ्या मालकाकडून, २००८ सालची बीएमडब्ल्यू ३२५आय विकत घेतली. तेव्हा गाडी ७२,००० किलोमीटर चालली होती आणि मला ती सव्वाचार लाखांना मिळाली. आज ती १,३१,००० किलोमीटरवर आहे. या सहा वर्षांत तिच्यावर झालेला प्रत्येक खर्च मी वहीत लिहून ठेवला आहे, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येण्याजोगी कामे शक्य तितकी स्वतःच्या हाताने केली आहेत. जुनी बीएमडब्ल्यू घ्यावी का, असे मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतो, आणि विचारणाऱ्याचे लक्ष बहुधा किंमत आणि किलोमीटर या दोन आकड्यांवर असते. मी आधी गाडीचे वय विचारतो. माझ्या गाडीतला धातू अजूनही जवळपास नव्यासारखा आहे. रबर आणि प्लॅस्टिक यांचे आयुष्य मात्र मी गाडी घेतली तेव्हाच संपत आले होते, आणि ते ओळखून गळती सुरू होण्याआधी बदलत जाणे हेच या गाडीच्या देखभालीतले मुख्य काम आहे.

ई-९० हे थ्री सीरिजच्या पाचव्या पिढीतल्या सेडानचे कंपनीअंतर्गत सांकेतिक नाव. ही पिढी जगात २००५ साली आली. चेन्नईजवळच्या महिंद्रा वर्ल्ड सिटीतला बीएमडब्ल्यूचा कारखाना मार्च २००७ मध्ये सुरू झाला आणि तिथे जोडणी होऊ लागलेल्या पहिल्या गाड्यांत हीच थ्री सीरिज होती; २०१२ मध्ये तिची जागा एफ-३० या पुढच्या पिढीने घेतली. चेन्नईत जोडलेली गाडी आणि जर्मनीहून पूर्ण बांधून आलेली गाडी हा फरक चालवताना जाणवत नाही, पण पंधरा वर्षांनंतर आरटीओत तो चांगलाच जाणवतो. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

ही गाडी घ्यावी ती तिच्या इंजिनासाठी. एन-५२ नावाचे हे २,४९७ सीसीचे, एका ओळीत सहा सिलिंडर असलेले पेट्रोल इंजिन आहे. त्याला टर्बो नाही. २१८ अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क हे आकडे आजच्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनांपुढे मोठे वाटणार नाहीत, परंतु ही शक्ती ज्या रीतीने हाती येते ती रीत आता नव्या गाड्यांत सापडत नाही. पायाखालचा पॅडल जेवढा दाबावा तेवढेच आणि त्याच क्षणी उत्तर मिळते, आणि काटा साडेसहा हजार फेऱ्यांकडे चढत असताना इंजिनाचा आवाज कर्कश न होता भरत जातो. सहा सिलिंडर एका ओळीत असले की त्यांचे धक्के एकमेकांना आपोआप तोलतात, त्यामुळे सिग्नलला उभे असताना इंजिन चालू आहे की बंद हे कित्येकदा फेऱ्यांच्या काट्याकडे पाहूनच कळते. युरोपात याच सुमारास कंपनीने ३२५आयला थेट इंधन फवारणारे एन-५३ इंजिन दिले, पण ज्या देशांतल्या पेट्रोलमध्ये गंधकाचे प्रमाण जास्त होते तिथे ते चालण्याजोगे नव्हते, म्हणून तिथल्या गाड्यांत एन-५२ कायम राहिले. एन-५३ च्या महागड्या इंजेक्टरांविषयी आणि उच्चदाबाच्या पंपाविषयी युरोपातले मालक जे सांगतात ते वाचल्यावर, आपल्या वाट्याला जुने इंजिन आले याचा मला मनापासून आनंद वाटतो.

स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. शहरात गाडी मागे-पुढे घेताना ते जड लागते आणि ज्यांना बोटभर जोराने फिरणाऱ्या चाकाची सवय आहे त्यांना पहिले चार दिवस खांदे दुखल्यासारखे वाटेल. वाईहून पाचगणीला पसरणीच्या घाटाने वर जाताना मात्र याच जडपणाचा अर्थ कळतो. वळणात शिरताना पुढच्या चाकांखाली खडी आहे, ओल आहे की नवे डांबर आहे, हे हातांना आधी समजते आणि डोळ्यांना नंतर. इंजिनाचे वजन पुढच्या आसाच्या बरेच मागे ठेवलेले असल्यामुळे गाडीचा भार पुढे-मागे जवळपास समान वाटला जातो, आणि वळण संपता संपता पॅडलवर पाय दिला की मागची चाके गाडीला अगदी शांतपणे बाहेर ढकलतात. ताम्हिणीतून पहाटे उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, ब्रेक फारसा न वापरता, एकामागून एक वळणे घेणे हा या गाडीतला माझा सर्वांत आवडता प्रवास आहे, आणि वहीतल्या सगळ्या आकड्यांच्या शेजारी मी हा प्रवास जमेला धरतो.

आता रबर आणि प्लॅस्टिक यांच्याकडे वळतो.

या इंजिनातला कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, पंप पट्ट्यावर चालत नाही, त्याला स्वतःची विजेची मोटर आहे. त्यामुळे इंजिनाला जेवढे पाणी हवे तेवढेच फिरवता येते आणि शक्ती वाया जात नाही. पट्ट्यावरचा पंप जाण्याआधी कुरकुरतो, थेंब थेंब गळतो. विजेचा पंप मात्र बहुधा पूर्वसूचना न देता थांबतो. शिवाय डॅशबोर्डवर कूलंटच्या तापमानाचा काटाच नाही, म्हणजे दिवा लागेपर्यंत चालकाला काहीही कळत नाही. एन-५२ च्या मालकांमध्ये हा पंप एक लाख किलोमीटरच्या आसपास बदलायचा भाग मानला जातो. मी ८४,००० वर, पंप पूर्ण चालू स्थितीत असताना, तो आणि त्याच्यासोबतचा विजेचा थर्मोस्टॅट असे दोन्ही बदलून घेतले, आणि त्याच वेळी वरचे-खालचे होस पाइप व कूलंटची टाकीही नवी घातली. चालणारा भाग काढून टाकायला मन धजत नाही हे मला मान्य आहे. पण खंबाटकी घाटात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता पंप थांबला तर इंजिनाच्या माथ्यावरचे ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकू शकते, आणि त्या कामाच्या खर्चात असे तीन-चार पंप सहज येतील.

हे काम करताना एक गोष्ट गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून पाहावी. नवीन कूलंट भरल्यावर त्यातली हवा काढण्यासाठी इंजिन सुरू करायचे नसते. बॅटरीला चार्जर जोडायचा, इंजिन न पेटवता इग्निशन चालू करायचे, हीटरचे तापमान सर्वांत जास्त आणि पंखा सर्वांत कमी ठेवायचा, आणि एक्सिलरेटर दहा सेकंद तळापर्यंत दाबून धरायचा. मग पंप आपोआप सुरू होतो आणि सुमारे बारा मिनिटे कूलंट फिरवून हवा बाहेर काढतो. ज्या मिस्त्रीला ही पद्धत ठाऊक नाही तो नेहमीच्या सवयीने झाकण उघडे ठेवून इंजिन तापवत बसतो, आणि हवेचा बुडबुडा आत अडकून नवा पंपही लवकर खराब होतो. कूलंट निळ्या रंगाचा, कंपनीच्या प्रमाणाचा घ्यावा आणि तो निम्म्यास निम्मा डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळावा. बोअरवेलचे पाणी त्यात कधीही घालू नये.

ऑइलच्या गळतीच्या तीन जागा ठरलेल्या आहेत. व्हॉल्व्ह कव्हरचे पॅकिंग, ऑइल फिल्टर ज्या घरात बसतो त्याचे पॅकिंग, आणि सर्वांत खालचे ऑइल पॅनचे पॅकिंग. यांतले दुसरे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचे. ते इंजिनाच्या पुढच्या भागात असल्यामुळे तिथून झिरपलेले ऑइल खाली अल्टरनेटरच्या पट्ट्यावर येते, पट्टा फुगतो, घसरतो, आणि सुटून क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या सीलमध्ये ओढला गेला तर त्याचे तुकडे इंजिनात जातात. काहीशे रुपयांच्या रबराच्या कडीमुळे इंजिन उघडावे लागल्याची उदाहरणे जगभरातल्या मालकांनी नोंदवून ठेवली आहेत. व्हॉल्व्ह कव्हर २००८ च्या गाडीत प्लॅस्टिकचे आहे आणि इंजिनातली वाफ खेचून घेणारा पडदा त्याच्या पोटातच बसवलेला आहे. तो पडदा फाटला की इंजिन शिट्टीसारखा आवाज करते आणि स्थिर चालत नाही. अशा वेळी पॅकिंगवर भागत नाही, अख्खे कव्हर बदलावे लागते.

गळतीच्याच कामात मला पहिला मोठा भुर्दंड बसला. एन-५२ च्या ब्लॉकचे बाहेरचे आवरण मॅग्नेशियमचे आणि आतला गाभा ॲल्युमिनियमचा आहे. वजन कमी करण्यासाठी केलेली ही रचना अभियांत्रिकीच्या दृष्टीने सुंदर आहे, पण मॅग्नेशियमला पोलादाचा बोल्ट लागला आणि ओल मिळाली की विद्युत-रासायनिक क्रियेने मॅग्नेशियम खाल्ले जाते, म्हणून तिथले बोल्ट ॲल्युमिनियमचे आहेत. हे बोल्ट आधी ठराविक टॉर्कने आणि मग ठराविक अंशांनी आवळतात. आवळताना ते ताणले जातात, आणि म्हणूनच ते एकदाच वापरायचे असतात. २०२० मध्ये मी ऑइल पॅनच्या पॅकिंगसाठी गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तिथे जुनेच बोल्ट परत बसवले गेले. चार महिन्यांनी पुन्हा थेंब दिसू लागले तेव्हा मी गाडी दुसरीकडे नेली, आणि उघडताना त्यांतले दोन बोल्ट मान मोडून ब्लॉकमध्येच राहिलेले आढळले. ते बाहेर काढायला दोन दिवस लागले आणि मूळ कामाच्या दुप्पट मजुरी गेली. तेव्हापासून कुठलेही काम देण्याआधी मी नव्या बोल्टची पिशवी स्वतः विकत घेऊन मिस्त्रीच्या हातात देतो, आणि जुने बोल्ट मोजून परत मागून घेतो.

आता ज्यांच्याकडे माझी गाडी जाते त्या फोरमननी पूर्वी अधिकृत वर्कशॉपमध्ये बरीच वर्षे काम केलेले आहे आणि सध्या ते शहराबाहेर दोन लिफ्टचे स्वतःचे गॅरेज चालवतात. त्यांची पारख मी एका प्रश्नावर केली. पहिल्या भेटीत मी विचारले, “काका, बॅटरी बदलली तर किती वेळ लागेल?” ते म्हणाले, “बसवायला वीस मिनिटं, पण गाडीला सांगायला लॅपटॉप लावावा लागतो, तेवढं थांबा.” हे उत्तर मला हवे होते. या गाडीतला संगणक बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग ठरवतो, आणि नवी बॅटरी बसवल्याचे त्याला कळवले नाही तर तो नव्या बॅटरीलाही जुनी समजून चार्ज करत राहतो. बॅटरी डिकीत, उजव्या बाजूला आहे. ती काढून दुसरी ठेवणे कोणालाही जमते. पुढची नोंदणी ज्याला ठाऊक आहे त्याच्या हाती गाडी देण्यास हरकत नाही. हे गृहस्थ काम सुरू करण्याआधी गाडीच्या खाली उभे करून प्रत्येक गळती दाखवतात, कोणती आता करायची आणि कोणती वर्षभर थांबू शकते ते सांगतात, आणि मी आणलेले पार्ट बसवायला कुरकुर करत नाहीत. त्यांच्याकडे आठवडा-दहा दिवस आधी सांगून ठेवावे लागते. माझ्या मते ही वाट पाहणे पूर्णपणे योग्य आहे.

पार्ट मिळवण्याची रीत एकदा समजली की भीती निम्मी होते. आरसी बुकावर असलेल्या चासी क्रमांकाचे शेवटचे सात अंक-अक्षर रियलओईएमच्या संकेतस्थळावर घातले की आपल्याच गाडीची आकृत्यांसह यादी उघडते. प्रत्येक पार्टला अकरा अंकी क्रमांक असतो आणि त्यातले पहिले दोन अंक गट सांगतात: ११ म्हणजे इंजिन, १७ म्हणजे कूलिंग, २४ म्हणजे स्वयंचलित गिअरबॉक्स, ३१ म्हणजे पुढचा आस, ३४ म्हणजे ब्रेक. हा क्रमांक हाती असला की बीएमडब्ल्यूच्या खोक्याऐवजी, अशा कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या उत्पादकांचाच माल शोधता येतो. सस्पेन्शनसाठी लेमफोर्डर, फिल्टरसाठी मान किंवा माले, पॅकिंगसाठी एलरिंग आणि व्हिक्टर राइन्झ, ही नावे मी वापरतो आणि त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले पार्ट मिळतात. दरवाजाचे काचयंत्र, आरसा, हेडलाइटचे घर, सीट असल्या वस्तू तिथून जरूर घ्याव्यात. रबर, सेन्सर आणि पंप तिथून कधीही घेऊ नयेत, कारण आपल्या गाडीत जे वय आपण घालवू पाहतो तेच वय आपण विकत आणतो. नकली मालापासूनही सावध राहावे लागते. एका विक्रेत्याने मला नामांकित खोक्यात व्हॅनॉसचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, पाठवला होता, तो जुन्या सोलेनॉइडशेजारी ठेवल्यावर ओतीव अक्षरांची ठेवण वेगळी दिसली म्हणून मी तो बसवलाच नाही. खरे तर तो बदलण्याची गरजही नव्हती. दोन्ही सोलेनॉइड सारखेच असतात आणि प्रत्येकी एका बोल्टवर बसतात. ते काढून, स्वच्छ करून, आपसांत अदलाबदल केली की दोष सोलेनॉइडचा आहे की दुसरीकडे आहे ते संगणकावरच्या कोडवरून कळते. माझे स्वच्छ करूनच भागले.

गिअरबॉक्स सहा गिअरचा स्वयंचलित आहे. या मालिकेत झेडएफ आणि जीएम अशा दोन कंपन्यांचे गिअरबॉक्स आढळतात आणि त्यांचे ऑइल वेगळे आहे, म्हणून ऑइल मागवण्याआधी खाली जाऊन गिअरबॉक्सवरची पट्टी वाचावी. माझा झेडएफचा आहे. गाडी विकताना त्यातले ऑइल आयुष्यभराचे असल्याचे सांगितले जात असे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षे यांदरम्यान ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचे ऐकले. यात फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे पॅनसकट नवा घ्यावा लागतो, आणि पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ठराविक तापमानाला असताना मोजावी लागते. बदलल्यावर दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना बसणारा हलका धक्का पूर्ण गेला.

सस्पेन्शनवर आपल्या रस्त्यांचा मार जास्त पडतो. पुढच्या आडव्या दांड्यांचे बुश द्रवाने भरलेले असतात, ते फाटून द्रव गळला की वेगात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि लोक उगाच ब्रेकच्या डिस्क बदलत बसतात. मी ते ९१,००० वर बदलले आणि त्याच सुमारास रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर काढून साधे टायर घातले. टायरच्या या एका बदलाने गाडी जेवढी सुधारली तेवढी दुसऱ्या कशानेही सुधारली नाही. रन-फ्लॅटची कडक बाजूभिंत जाताच खड्ड्यातला ठणका अर्ध्यावर आला. पंक्चरसाठी डिकीत किट आणि हवेचा छोटा पंप ठेवतो. उंची कमी आहे, गावांतल्या गतिरोधकांवरून गाडी तिरकी घ्यावी लागते. पावसाळ्याआधी सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या गवत कापण्याच्या यंत्रातल्या नायलॉनच्या दोरीने साफ करतो, कारण त्या तुंबल्या की पाणी छतातून आत येते आणि गालिच्याखालच्या वायरिंगपर्यंत पोचते. आतल्या प्लॅस्टिकवरचा मऊ थर उन्हाने चिकट होतो आणि छताचे कापड सुटू लागते. हे दोन्ही पुण्यातल्या कारागिराने पाच दिवसांत नीट करून दिले.

ऑइल मोजण्याची पट्टी इंजिनात नाही. गाडी चालवून गरम झाल्यावर डॅशबोर्डच्या संगणकावरच पातळी पाहावी लागते. साडेसहा लिटर ऑइल लागते, तेही कंपनीच्या लाँगलाइफ-०१ या मान्यतेचे. गाडीचा संगणक फार लांबची मुदत सुचवतो, मी मात्र दर ८,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, ते बदलतो.

पेट्रोलविषयी थोडे सांगायला हवे. शहरात लिटरला सात आणि महामार्गावर साडेअकरा किलोमीटर मिळतात. साध्या ९१ ऑक्टेनवर इंजिन चालते, कारण इंजिनातली ठोकर ओळखणारा नॉक सेन्सर प्रज्वलनाची वेळ मागे घेतो. ९५ ऑक्टेनवर ते अधिक मोकळे वाटते आणि घाटात फरक स्पष्ट कळतो. मला खरी चिंता २० टक्के इथेनॉलची वाटते. बीएमडब्ल्यूने युरोपात आपल्या पेट्रोल गाड्यांना १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाची मान्यता दिलेली आहे आणि आपल्या पंपांवर मिळणारे मिश्रण त्या मर्यादेच्या पलीकडचे आहे. मी इंधनाच्या रबरी नळ्या दर वर्षी वाकवून, बोटाने दाबून तपासतो, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवत नाही.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागले. १ एप्रिल २०२२ पासूनच्या दरानुसार तेव्हा खासगी मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये होते आणि आयात केलेल्या चारचाकीसाठी ४०,००० रुपये. इथे चेन्नईची जोडणी कामी आली. त्यावर राज्याचा पर्यावरण कर भरावा लागला आणि गाडी तपासणीसाठी न्यावी लागली; नवी नोंदणी पाच वर्षांची मिळाली. कागदपत्रे व्यवस्थित असली तर यात घाबरण्यासारखे काही नाही.

दिल्लीच्या स्वस्त गाड्यांविषयी मात्र सावधपणे लिहितो. राष्ट्रीय हरित लवादाने आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर जी बंदी घातली, तिच्यामुळे तिथल्या जुन्या बीएमडब्ल्यू फार कमी किमतीत बाहेर निघत राहिल्या. जाहिरातीतला आकडा पाहून मोह होतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर नव्याने, इथली नोंदणी, आणि गाडी आणण्याचे भाडे हे सगळे मांडल्यावर पुण्या-मुंबईतल्या गाडीशी फरक थोडाच उरतो, आणि गाडी समोर थंड इंजिनावर सुरू करून पाहता आलेली नसते. चेन्नईत डिसेंबर २०१५ च्या पुरात बुडालेल्या गाड्याही नंतर लिलावातून देशभर गेल्या. गालिचा उचलून सीटच्या रुळांवर गंज आहे का, सीटबेल्टच्या मुळाशी, तो शेवटच्या इंचापर्यंत ओढल्यावर, गाळाची रेघ आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डिझेल ३२०डी घेणाऱ्यांना एवढेच सांगतो की तिच्या एन-४७ इंजिनातली टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत तिच्या झिजेचा प्रश्न सर्वज्ञात आहे. ती बदलण्यासाठी बरेच काही खोलावे लागते. थंड इंजिन सुरू होताना मागून घासल्यासारखा आवाज आला तर ती गाडी सोडून द्यावी. चांगला ॲव्हरेज हवा म्हणून ही जोखीम घेऊ नये, असे मला वाटते.

खर्चाचा हिशोब असा: सहा वर्षांत पेट्रोल, विमा आणि टायर सोडून देखभालीवर माझे चार लाख साठ हजार रुपये गेले, म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा थोडे जास्त. त्यातले जवळपास निम्मे पहिल्या अठरा महिन्यांत गेले, कारण मागच्या मालकाने पुढे ढकललेले सगळे मी एकदम केले. गेल्या तीन वर्षांत वर्षाला चाळीस-पन्नास हजारांच्या वर आकडा गेलेला नाही. ज्यांना गाडी घेतल्यावर लगेच तिच्या किमतीचा निम्मा भाग बाजूला ठेवता येणार नाही त्यांनी ती घेऊ नये. ज्यांच्याकडे एकच गाडी आहे आणि रोज ऑफिस गाठायचे आहे त्यांनीही घेऊ नये, कारण एखादा सेन्सर बाहेरून यायला दहा दिवस लागतात आणि तेवढे दिवस ती लिफ्टवर उभी असते.

गेल्या महिन्यात माझ्या एका मित्रासाठी मी कोल्हापूरला २०१० ची पांढरी ३२५आय पाहायला गेलो. किलोमीटर १,१८,०००, म्हणजे मित्राच्या दृष्टीने जास्तच, आणि किंमतही बाजारातल्या इतर दोन गाड्यांपेक्षा साठ हजारांनी अधिक. इंजिन रात्रभर थंड होते. सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद व्हॉल्व्हच्या लिफ्टरची टिकटिक आली आणि थांबली, चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडताना वाजवीपेक्षा जास्त ओढ जाणवली नाही, आणि टॉर्चच्या उजेडात फिल्टरच्या घराखालचा भाग कोरडा होता. मालक निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी आतून एक जाड फाइल आणली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. तिच्यात ९६,००० वरच्या पंप-थर्मोस्टॅटची पावती होती, झेडएफच्या पॅनची पावती होती, आणि व्हॉल्व्ह कव्हरच्या बिलाला ॲल्युमिनियमच्या नव्या बोल्टची वेगळी ओळ होती. मी मित्राला त्या ओळीवर बोट ठेवून दाखवले. त्याने घासाघीस केली नाही. संध्याकाळी आम्ही दोन गाड्या घेऊन कात्रजकडे निघालो.